जन्मगाव लपवलेली अभिनेत्री : मर्ल ओबेरॉन

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी संत, समाजसुधारक, गायक, नट अशा कोणा ना कोणाचे चरित्र असते. बहुतेक चरित्रांची पहिली ओळ लिहिणे सोपे असते. अमुक साली अमुक गावी जन्म, आईचे नाव हे, वडिलांचे नाव ते. यंदा आम्ही जिचे चरित्र लिहायला घेतले आहे, तिच्या बाबतीत सगळा घोळ या पहिल्या ओळीतच आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन चित्रपटांत नाव कमावलेली, पुढे दूरचित्रवाणीवरही दिसलेली मर्ल ओबेरॉन ही अभिनेत्री मुंबईत जन्मली. पण हयात असेपर्यंत तिने ही गोष्ट जगाला कळू दिली नाही. तिने सांगितलेले जन्मगाव होते होबार्ट, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावरचे शहर.

आम्ही गेली वीस वर्षे राज्य शासनाच्या नोकरीत आहोत. जन्माचा दाखला, त्यावरचे नाव, आईवडिलांची नावे या गोष्टी माणसाच्या आयुष्यात किती अडवतात आणि किती सोडवतात, हे आम्ही रोज पाहतो. म्हणूनच कदाचित, या नटीच्या सौंदर्यापेक्षा आणि चार लग्नांपेक्षा तिच्या जन्माच्या नोंदीची कथा आम्हाला अधिक सांगण्यासारखी वाटली.

मुंबई आणि कलकत्ता

मर्लचे मूळ नाव एस्टेल मर्ल ओ'ब्रायन थॉम्प्सन. जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. वडील आर्थर थॉम्प्सन हे इंग्लंडहून आलेले रेल्वेतील अभियंता. तिला वाढवले शार्लट सेल्बी या बाईंनी. त्या सिलोनच्या, मिश्र वंशाच्या, सावळ्या वर्णाच्या होत्या. मर्ल त्यांना आई म्हणे, आणि शार्लटबाईंची मुलगी कॉन्स्टन्स हिला ती आपली मोठी बहीण समजे. खरी गोष्ट वेगळी होती. जन्माच्या नोंदीत आई म्हणून कॉन्स्टन्सचे नाव आहे. मर्ल जन्मली तेव्हा कॉन्स्टन्स स्वतःच शाळकरी वयाची होती. आज ज्याला आपण सरळ गुन्हा म्हणू, असा तो प्रकार होता. घराची अब्रू वाचवायची म्हणून आजीने नातीला मुलगी म्हणून पदरात घेतले. अशा गोष्टी आपल्याकडच्या घरांतही झाकल्या गेल्या आहेत, त्यामुळे वाचकांना त्याचे फार नवल वाटू नये.

त्याच वर्षी, १९११ च्या डिसेंबरात, बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. त्या भेटीची आठवण म्हणून पुढे गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले. आणि त्याच राणीच्या नावावरून सेल्बी कुटुंबाने आपल्या तान्ह्या मुलीचे लाडाचे नाव ठेवले क्वीनी. गेटवेच्या कमानीखाली फोटो काढणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

वडील पहिल्या महायुद्धात गेले आणि १९१६ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर न्यूमोनियाने वारले. त्यानंतर शार्लटबाई क्वीनीला घेऊन कलकत्त्याला गेल्या. तिथल्या प्रसिद्ध ला मार्टिनिएर शाळेत मुलीला प्रवेश मिळाला, पण तो सुखाचा ठरला नाही. अर्धी गोरी, अर्धी काळी म्हणून वर्गातल्या मुली चिडवत. शेवटी तिने ती शाळा सोडली आणि उरलेले शिक्षण घरी झाले.

त्या काळच्या अँग्लो इंडियन समाजाची अवस्था समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. रेल्वे, तारखाते, टेलिफोन, जकात या खात्यांत त्यांना नोकऱ्या मिळत. मात्र गोऱ्या साहेबाच्या क्लबात त्यांना जागा नव्हती आणि हिंदुस्थानी माणसांच्या घरांशीही त्यांचा घरोबा नव्हता. रंग जरा उजळ असेल तर गोरे म्हणून खपून जावे, अशी अनेकांची धडपड असे. क्वीनी दिसायला अत्यंत देखणी आणि रंगाने उजळ होती. तिने कलकत्त्यात टेलिफोन ऑपरेटरचे काम केले, हौशी नाट्यसंस्थेत भाग घेतला आणि संध्याकाळी फिर्पोसारख्या बड्या उपाहारगृहात तिचे जाणे-येणे सुरू झाले.

तिथे एका परदेशी गृहस्थाशी तिची मैत्री जुळली. असे सांगतात की, तो एके दिवशी घरी आला, सावळ्या शार्लटबाईंना पाहिले आणि त्याचे मन फिरले. त्याने तिला टाळले, पण जाताना फ्रान्समधील एका चित्रपट दिग्दर्शकाशी ओळख करून देण्याचे आश्वासन दिले. तेवढ्या आश्वासनावर मायलेकी १९२८-२९ च्या सुमारास बोटीने युरोपात गेल्या. आई बरोबर दिसली की दार बंद होते, हा धडा अठरा वर्षांच्या मुलीने तेव्हाच गिरवला असणार.

लंडनमध्ये नवे नाव

सुरुवातीची वर्षे हलाखीची होती. लंडनच्या कॅफे द पॅरिस या नाइट क्लबात क्वीनी ओ'ब्रायन या नावाने तिने नोकरी केली. चित्रपटांत गर्दीतल्या, एखाद्या मिनिटाच्या भूमिका मिळत. अशातच तिच्यावर नजर पडली अलेक्झांडर कोर्डा यांची. कोर्डा मूळचे हंगेरीचे ज्यू, लंडनमध्ये स्टुडिओ उभारू पाहणारे निर्माते-दिग्दर्शक. त्यांनी 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' या १९३३ च्या चित्रपटात तिला अ‍ॅन बोलिनची भूमिका दिली. ही हेन्री राजाची शिरच्छेद झालेली राणी. पडद्यावर ती थोडाच वेळ आहे, पण तेवढ्यात लोकांनी तिला हेरले. चित्रपट इंग्लंडात आणि अमेरिकेत जोरात चालला. पुढच्याच वर्षी लेस्ली हॉवर्डबरोबरचा 'द स्कार्लेट पिंपर्नेल' आला आणि ती नायिका म्हणून स्थिरावली.

ओ'ब्रायनवरून ओबेरॉन हे आडनाव तयार झाले आणि मर्ल हे तिचे मधले नाव पुढे आले. नावाबरोबर जन्मकथाही नवी हवी होती. स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाने ती रचली. वडील ब्रिटिश लष्करी अधिकारी, जन्म होबार्टचा, वडील वारल्यावर नातलगांकडे हिंदुस्थानात वाढ झाली, अशी ती कथा. टास्मानिया लंडनहून इतके लांब की कोणी चौकशीला जाणार नाही, आणि तिथले लोक ब्रिटिश वंशाचे, म्हणजे गोरेपणावरही शंका नको. पुढे कोणी कागद मागितला तर नोंदी आगीत जळाल्या असे उत्तर तयार होते. आम्हा कार्यालयातल्या लोकांना हे उत्तर चांगलेच परिचयाचे आहे. दप्तर जळाले असे म्हटले की बहुतेक प्रश्न तिथेच थांबतात.

शार्लटबाईंचे काय? त्या लंडनच्या घरात मर्लबरोबरच राहत होत्या. पण पाहुणे आले की त्या घरातली मोलकरीण आहेत अशी ओळख दिली जाई. जिने लहानाचे मोठे केले ती बाई साडी किंवा झगा काय नेसली आहे यापेक्षा तिचा रंग कोणता आहे, याची मुलीला धास्ती होती. शार्लटबाई १९३७ मध्ये वारल्या. मर्ल तेव्हा कीर्तीच्या शिखराकडे निघाली होती.

इथे वाचकांनी कपाळाला आठ्या घालण्याआधी त्या काळचे कायदेही पाहावेत. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले होते. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात, हिंदी माणूस गोरा ठरत नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. हे दार थोडेसे किलकिले झाले ते १९४६ मध्ये. हॉलिवूडची जी आचारसंहिता होती, तिच्यात गोऱ्या आणि काळ्या माणसांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवण्याला मनाई होती. अशा ठिकाणी, मी मुंबईची, माझ्या आईचे घराणे सिलोनचे, असे सांगणारीला नायिकेचे काम कोणी दिले असते? खरे सांगितले असते तर काम गेले असते, आणि मुक्कामही.

हॉलिवूडचे दिवस

१९३५ मध्ये निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांच्या 'द डार्क एंजल' चित्रपटात तिने काम केले. या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिचे नामांकन झाले. पुरस्कार बेटी डेव्हिसला मिळाला. पण आशियाई वंशाच्या अभिनेत्रीला या गटात मिळालेले ते पहिले नामांकन होते, आणि ते देणाऱ्यांपैकी कोणालाही त्याची कल्पना नव्हती. २०२३ मध्ये मिशेल योह यांना हा पुरस्कार मिळाला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांना मर्लची आठवण झाली.

१९३७ मध्ये कोर्डांनी 'आय, क्लॉडियस' हा भव्य चित्रपट हाती घेतला. चार्ल्स लॉटन नायक, जोसेफ फॉन स्टर्नबर्ग दिग्दर्शक. मार्चमध्ये लंडनला मर्लच्या मोटारीला अपघात झाला, तिच्या चेहऱ्याला जखमा झाल्या आणि चित्रपट कायमचा बंद पडला. १९६५ मध्ये बीबीसीने या अपुऱ्या चित्रपटावर माहितीपट केला, त्यात मर्ल स्वतः बोलायला आली होती.

तिचा सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे १९३९ चा 'वुदरिंग हाइट्स'. विल्यम वायलर दिग्दर्शक, लॉरेन्स ऑलिव्हिए हीथक्लिफ आणि मर्ल कॅथी. ऑलिव्हिएला कॅथीच्या भूमिकेत आपली प्रेयसी व्हिव्हियन ली हवी होती. ते जमले नाही. गंमत पाहा, व्हिव्हियन लीचा जन्म दार्जिलिंगचा. म्हणजे यॉर्कशायरच्या माळरानावरच्या त्या इंग्रज मुलीसाठी ज्या दोघींची नावे पुढे आली, त्या दोघीही हिंदुस्थानात जन्मलेल्या. एमिली ब्राँटीच्या मूळ कादंबरीत हीथक्लिफ हा काळसर रंगाचा, कुठून आला हे कोणाला माहीत नसलेला पोरका मुलगा आहे. घरंदाज कॅथीचे त्याच्यावर प्रेम असूनही ती प्रतिष्ठेसाठी दुसऱ्याशी लग्न करते. ही भूमिका करताना मर्लच्या मनात काय चालले असेल, याचा अंदाज आता आपण बांधू शकतो. तेव्हा तिच्या शेजारी उभ्या असलेल्यांनाही तो बांधता आला नसता.

त्याच वर्षी तिचे कोर्डांशी लग्न झाले. १९४२ मध्ये कोर्डांना सर हा किताब मिळाला आणि मुंबईची क्वीनी लेडी कोर्डा झाली.

पण रंगाची काळजी संपली नव्हती. तिच्या चरित्रकारांनी लिहिले आहे की, उजळ दिसण्यासाठी ती अनेक प्रसाधने वापरत असे. १९४० मध्ये प्रसाधनांची आणि सल्फा औषधांची तीव्र विषबाधा होऊन तिची त्वचा खराब झाली. न्यूयॉर्कमध्ये त्वचा घासून काढण्याचे उपचार झाले, तरी चेहऱ्यावर खड्डे राहिले. गोरे दिसण्याच्या मलमांच्या जाहिराती आजही आपल्याकडे घरोघरी पोहोचतात. त्यांची किंमत काय असू शकते, त्याचे हे एक उदाहरण.

१९४५ मध्ये कोर्डांशी घटस्फोट झाला आणि तिने छायाचित्रकार ल्यूशियन बॅलार्ड यांच्याशी लग्न केले. बॅलार्ड यांनी 'द लॉजर' या १९४४ च्या चित्रपटाच्या वेळी तिच्यासाठी खास दिवा तयार केला होता. कॅमेऱ्याच्या भिंगाजवळ बसवलेल्या या दिव्याचा उजेड समोरून सरळ चेहऱ्यावर पडे आणि व्रण, सुरकुत्या पुसल्या जात. चित्रपट व्यवसायात तो 'ओबी' या नावाने ओळखला जातो. ओबी म्हणजे ओबेरॉन. एका बाईच्या चेहऱ्यावरचे व्रण झाकण्यासाठी काढलेली युक्ती धंद्याचे कायमचे साधन होऊन बसली.

१९४५ च्या 'अ साँग टू रिमेंबर' मध्ये ती फ्रेंच लेखिका जॉर्ज साँ झाली, १९५४ च्या 'देझिरे' मध्ये मार्लन ब्रँडोच्या नेपोलियनची जोसेफिन झाली. वय वाढत होते तशा भूमिका कमी होत गेल्या. १९५६-५७ मध्ये ती 'असाइनमेंट फॉरिन लीजन' या दूरचित्रवाणी मालिकेची निवेदिका झाली. फ्रेंच परदेशी पलटणीच्या कथा सांगणारी बातमीदार, अशी तिची त्यात भूमिका होती. आपले खरे नाव-गाव मागे टाकून आलेल्यांना आपल्यात घेणारी म्हणून ती पलटण प्रसिद्ध आहे. मर्लला या कथा परक्या वाटल्या नसतील.

दुसऱ्या बाजूला सुलोचना

मर्लचे चरित्र वाचताना आम्हाला वारंवार आठवली ती आपली रूबी मायर्स, म्हणजे मूकपटांच्या काळातली सुलोचना. तिचा जन्म १९०७ चा, पुण्याचा, घराणे ज्यू. तीही टेलिफोन ऑपरेटर होती. तिला मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने चित्रपटात आणले. तिने आपले इंग्रजी वळणाचे नाव टाकून हिंदुस्थानी नाव घेतले आणि मूकपटांची राणी झाली. बोलपट आले तेव्हा हिंदुस्थानी भाषा नीट येत नाही म्हणून अडचण झाली, तर ती भाषा शिकून परतली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला.

नाव दोघींनी बदलले. दोघींनाही त्यांच्या बाजारात खपेल असेच नाव घ्यावे लागले. पण सुलोचना ही रूबी मायर्स आहे, हे सगळ्या मुंबईला माहीत होते आणि तिला त्याची चोरी नव्हती. घरी आलेल्या पाहुण्यापासून आईला लपवण्याची वेळ तिच्यावर आली नाही. नवे नाव घेणे आणि जुन्याला घाबरणे यांत हा फरक आहे.

अखेरची वर्षे

१९५७ मध्ये मर्लने मेक्सिकोतील उद्योगपती ब्रूनो पाल्याई यांच्याशी लग्न केले. दोघांनी एक मुलगा आणि एक मुलगी दत्तक घेतली. प्रशस्त घरे, दागदागिने, मेजवान्या असे ते आयुष्य होते. १९७३ मध्ये 'इंटर्व्हल' हा शेवटचा चित्रपट तिने स्वतः निर्माण केला. त्यातला नायक रॉबर्ट वोल्डर्स तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, १९७५ मध्ये तिने त्याच्याशी चौथे लग्न केले.

तिच्या सगळ्या घरांत एक तैलचित्र लावलेले असे. १९४९ मध्ये तिने शार्लटबाईंच्या जुन्या फोटोवरून चित्र करून घेतले होते. चित्रकाराला सांगून त्यातला रंग मात्र उजळ करवून घेतला. ज्या आईला मोलकरीण म्हणून वागवले, तिला भिंतीवर मानाची जागा दिली, पण तीही गोरी करूनच. त्या चित्रासमोरून रोज जाताना तिला काय वाटत असेल? आम्हाला तिचा राग येत नाही. आईची आठवण तिने टाकून दिली नव्हती. फक्त जशी होती तशी ती लावण्याचे धाडस झाले नाही.

कॉन्स्टन्सला पुढे लग्नानंतर आणखी चार मुले झाली. त्यांपैकी एकाने मुंबईच्या सरकारी दप्तरात शोध घेतला आणि मर्लच्या जन्माची नोंद काढली. आपण जिला मावशी समजत होतो, ती आपली बहीण आहे, हे त्याला त्या कागदाने सांगितले. तो तिला भेटायला अमेरिकेत गेला. तिने भेट नाकारली. त्यानेही मोठेपणा दाखवला, ती गेल्यावरही अनेक वर्षे तो गप्प राहिला.

१९७८ मध्ये होबार्ट शहराने आपल्या कन्येचा नगरभवनात सत्कार ठरवला. मर्ल गेली. महापौर, प्रतिष्ठित नागरिक, कौतुकाने जमलेली माणसे, आणि मधोमध उभी असलेली पासष्टी उलटलेली ती बाई, जिचा त्या शहराशी काडीचा संबंध नव्हता. प्रकृतीचे कारण सांगून ती समारंभातून लवकर निघाली. तोवर टास्मानियात तिच्या जन्माच्या स्थानिक दंतकथाही तयार झाल्या होत्या. अमुक घरी जन्मली, तमुक बाई तिची खरी आई, असे शपथेवर सांगणारे लोक होते. खोटी कथा लोकांनी इतक्या प्रेमाने सांभाळली की त्यांना ती सोडवेना.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे पक्षाघाताने तिचे निधन झाले. वय अडुसष्ट. १९८३ मध्ये आलेल्या चरित्रग्रंथाने तिचे मूळ हिंदुस्थानातले असल्याचे जगाला सांगितले. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या माहितीपटात मुंबईची ती जन्मनोंदही पुढे आली, आणि शार्लटबाई आई नसून आजी होत्या हे कळले. होबार्टची नोंद जळाली, असे जिच्याबद्दल सांगितले जात होते, तिची मुंबईची नोंद इतकी वर्षे दप्तरात शाबूत होती.

आपण महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या राहणारी माणसे. आपल्यावर मर्लइतकी वेळ कधी आली नाही. तरीही कार्यालयात मराठीत फोन आला की आवाज हळू करणारे, आजीच्या लुगड्याची मुलांच्या मित्रांसमोर लाज बाळगणारे, आडनावाचे शेपूट कापून सोपे करणारे लोक आपल्यात आहेत. कोणी सक्ती केलेली नसताना हे चालते. मर्लला तिच्या काळाने आणि कायद्याने कोपऱ्यात ढकलले होते, म्हणून तिला दोष देण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. आपल्याला तसे कोणी ढकललेले नाही.

सवड झाली तर यंदा 'वुदरिंग हाइट्स' मिळवून पाहावा. कृष्णधवल चित्रपट आहे, वेग आजच्या मानाने संथ आहे. माळरानावर उभी असलेली ती कॅथी अस्सल इंग्रज वाटते आणि काम फार सुरेख करते. मुलांना शेजारी बसवून सांगावे की ही बाई मुंबईची, नाव क्वीनी, आणि हिच्या आजीचे नाव शार्लट.